बघीरा वजा शेपूट: कामाच्या नोंदी

१४ एप्रिल

आज जयंतीची सुट्टी, चौकात सकाळपासून भल्ला डीजे चालू आहे, दुसरं काही सुचूच शकत नाही म्हणून एकदाचं ठरवून टाकलं. १९६७ च्या डिस्नेच्या जंगल बुकमधला बघीरा माणूस म्हणून काढायचा. एकच चित्र, पूर्ण अंगाचं, मागच्या जंगलासकट. याआधी दोनदा सुरू करून अर्धवट सोडलंय, म्हणून या वेळी लिहून ठेवून राहिलो, निदान गाडी कुठं अडते ते तरी समजेल.

बघीराच काहून, तर एक म्हणजे तो आपल्या इकडचा. गोष्ट सिवनीची, सिवनी नागपूरहून जबलपूर रोडनं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि पेंचचं जंगल काही त्यांच्याकडं काही आपल्या जिल्ह्यात. किपलिंगनं पुस्तक लिहिलं ते अमेरिकेत व्हरमाँटला बसून, १८९४ साली आलं, पण जंगल मात्र आपलं. नावसुद्धा आपल्या बाजूचंच, हिंदीत बघेरा म्हणजे बिबट. दुसरं म्हणजे त्या सिनेमात सगळे नाचतात गातात आणि हा एकटा वैतागलेला असतो, जबाबदार मोठ्या भावासारखा. मला असे लोक काढायला आवडतात.

नियम स्वतःलाच घालून घेतले: कान नाही, शेपूट नाही, सुळे नाही, गालावर मिशांच्या रेघा नाही. लोक माणूस काढतात आणि वरून मांजराच्या कानांचा हेअरबँड लावून देतात, ते मला चिटिंग वाटतं. कान काढून टाकल्यावरही बघीरा ओळखू आला पाहिजे, नाहीतर मी कुणीतरी काळ्या कपड्यातला माणूस काढला एवढंच.

१६ एप्रिल

पहिलं स्केच. वाया.

डोक्यात होतं की पुस्तकात बघीरा उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला आहे (सिनेमात हे काहीच नाही), त्याची आई तिथंच मेली, आणि एक दिवस त्यानं पंजाच्या एका फटक्यात कुलूप तोडलं आणि निघून आला. मग मी राजवाड्यातून आलेला माणूस म्हणून मेवाडी पगडी, मोत्याची माळ, कमरेला शेला, सगळं चढवलं. ताईनं मागून येऊन पाहिलं आणि म्हणाली, "कोणाचं लग्न आहे रे?" आणि खरंच, शेरवानीच्या दुकानाबाहेर जो फ्लेक्स लावलेला असतो ना, तो नवरदेव. पगडी डिलीट, माळ डिलीट. जो कुलूप तोडून पळाला तो राजाचे दागिने कशाला घालून फिरेल, हे आधी सुचायला पाहिजे होतं.

२० एप्रिल

महाराजबागेत गेलो, सकाळी लवकर, कारण दहानंतर उन्हात उभं राहणं शक्य नाही. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढं पाऊण तास. पिंजऱ्यावर हिरवी जाळी, बाजूला कूलर लावलेला, आणि साहेब कूलरच्या बरोबर समोर आडवे. मी पण घरी अगदी असाच पडलेला असतो, त्यामुळं एक नातं जुळलं.

बहुतेक वेळ तो हललाच नाही पण जेव्हा उठून पाणी प्यायला गेला ते आठ-दहा पावलं मी फक्त खांदे पाहिले. चालताना त्याचे खांद्याचे फरे पाठीच्या रेषेच्या वर येतात, एकदा हा एकदा तो, जसं गादीखाली कुणी मुठी सरकवून राहिलं. घरी येऊन वाचलं तर आपल्यात गळ्याखालचं आडवं हाड खांदा बांधून ठेवतं आणि मांजराच्या जातीत ते हाड नावापुरतं उरलेलं असतं, म्हणून खांदा मोकळा. आणि मागच्या पायाचा जो उलटा गुडघा वाटतो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे, हे लोक आयुष्यभर बोटांवर चालतात.

म्हणजे माझ्या माणसाचं काय? टाचा उचलून चालवला तर बॅले डान्सर होईल. पण उभं राहताना वजन टाचेवर न टाकता पुढं टाकलं, खांदे ताठ मागं न ओढता खाली सोडले आणि डोकं खांद्यांच्या थोडं पुढं घेतलं, तर काहीतरी येतं. सहा छोटी स्केचेस केली, त्यातलं चौथं बरं आहे.

अजून एक, डोळे. सगळे बिबट्याला घरच्या मांजरासारखी उभी फट काढतात. बिबट्याची बाहुली गोल असते, आपल्यासारखीच. म्हणजे डोळ्यात काहीच करायची गरज नाही, फक्त रंग हलका तपकिरी, मधासारखा. तसे डोळे आपल्याकडं असतात की कितीतरी लोकांचे.

२५ एप्रिल

आज भांडण. मित्राला स्केच दाखवलं, तो म्हणतो काळा बिबट आहे तर माणूस पण काळाकुट्ट कर ना बे, सोपं आहे. मी म्हणालो मग बलूला राखाडी कातडी देऊ का, आणि शेरखानला केशरी?

केसांचा रंग म्हणजे कातडीचा रंग नाही, हे या कामात लोक सर्रास विसरतात आणि मग वाईट दिशेला जातात. त्याच सिनेमातला वानरांचा राजा घ्या, पुस्तकात तो नाहीच, ओरँगउटान भारतात सापडतही नाही, आणि माणूस व्हायचंय म्हणून गाणं म्हणणारा तो राजा म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची टिंगल आहे म्हणून सिनेमावर आजपर्यंत टीका होते. त्याला माणूस करून काढायला मला कुणी पैसे दिले तरी मी काढणार नाही.

बरं, काळा बिबट ही काही वेगळी जात पण नाही. तोच बिबट, फक्त आई आणि बाप दोघांकडूनही तो दबलेला जीन आला तर पिल्लू काळं. साध्या पिवळ्या आईबापांना पण एखादं काळं होऊ शकतं. घाटातल्या ओल्या दाट जंगलात असे जास्त, आपल्याकडं कमी, तरी २०१८ मध्ये ताडोबात दिसला होता तेव्हा त्याचे फोटो सगळ्यांनी सगळ्यांना पाठवले होते. आणि मुख्य गोष्ट ही की तो पूर्ण काळा नसतोच. ऊन तिरपं पडलं की आतले ठिपके दिसतात, फुलासारखे, काळ्यावर काळे. किपलिंगनं पण ते लिहून ठेवलंय, लहरी उठलेल्या रेशमाची उपमा देऊन.

रेशीम! म्हणजे काळा रंग कापडात जाणार, कातडीत नाही. माणसाचा रंग साधा, मे महिन्यात सायकलवर फिरणाऱ्या कुणाही नागपूरकराचा असतो तो. मित्राला पटलं का माहीत नाही, तो सांबारवडी खाऊन गेला.

१ मे

कटिंगला गेलो होतो. बाजूच्या खुर्चीवर एक काका दाढी सेट करून घेत होते, दाट काळी दाढी, आणि न्हाव्यानं त्यांची मान मागं केली तर हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेला, रुपयाएवढी जागा गुळगुळीत. चाई. न्हाव्यानं वस्तरा तिथं आला की हात हलका केला, बोलला काही नाही, पुढं गेला.

मी आरशात पाहून राहिलो होतो आणि मला एकदम आठवलं की पुस्तकात बघीरा मोगलीला हनुवटीखाली हात लावून बघायला सांगतो, तिथं केस नसतात, गळ्यातल्या पट्ट्यानं गेलेले. जंगलात कुणालाच माहीत नसतं की हा माणसांच्यात वाढलाय, फक्त या पोराला तो ते सांगतो.

मी दोन आठवडे गळ्यावर वळ काढू का, जखम काढू का, लोखंडी कडं काढू का करून राहिलो होतो आणि सगळं फिल्मी वाटत होतं. दाढी द्यायची. नीट राखलेली, दाट, आणि हनुवटीखाली एक चाई. समोरून दिसणारच नाही. चित्रात त्यानं मान थोडी वर केलेली असेल, आपण त्याच्यापेक्षा खाली उभे असू, लहान पोराच्या उंचीवर, तर दिसेल.

म्हणजे कॅमेरा पण ठरला. न्हाव्याला तीस रुपये जास्त दिले, त्याला कारण समजलं नाही.

आईला रात्री दाखवलं. "ह्याला चाई पडली का रे? लसूण घासायला सांग."

४ मे

मित्राचा मेसेज, सिनेमात तर ती चाई नाहीये, मग तू सिनेमातला बघीरा काढतोय की पुस्तकातला? प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं की स्वभाव सिनेमातला घेतोय, तो कपाळाला आठी घालून उपदेश करणारा, पोराला गावाकडं सोडायचंच म्हणून हट्ट धरणारा. पण तो असा हट्ट का धरतो याचं कारण मला त्या चाईत सापडतं, माणसं काय असतात ते त्याला एकट्याला माहीत आहे. सिनेमावाल्यांनी हे मनात धरलं नसेलही. फॅन आर्ट आहे, परीक्षेचा पेपर नाही.

७ मे

कापड. आईकडं आजीची एक चंद्रकळा आहे, संक्रांतीला नेसायची ती, काळं रेशीम, अंगभर त्याच काळ्या धाग्याची बुट्टी. कपाटातून काढू देईना, मग डांबरगोळ्यांसकट काढून दिली या अटीवर की गच्चीवर नेणार असशील तर खाली चादर टाक.

दुपारी बारा वाजता पाहिली तर बुट्टी गायब, सपाट काळं. सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेपाचला, ऊन तिरपं असताना, हातावर घेऊन थोडी कलती केली की बुट्ट्या उमटतात, अजून कलती केली की उलटं होतं, बुट्टी काळी आणि जमीन चकाकते. मी वीस मिनिटं नुसता तेच करत बसलो, शेजारच्या काकूंनी विचारलं तब्येत बरी आहे ना.

मग गांधीबागेत एका होलसेलवाल्या शेठकडं गेलो, बाबांच्या ओळखीचे. ते म्हणाले ह्याला आमच्यात सेल्फ म्हणतात. धागा एकच रंगाचा, फक्त जमिनीत उभे धागे वर ठेवलेले आणि बुट्टीत आडवे. उभ्या धाग्यावरून उजेड एकीकडं उडतो, आडव्यावरून दुसरीकडं, म्हणून एका वेळी एकच चमकतं. त्यांनी नखानं दाखवलं, बुट्टीवर आडवं खरवडलं तर नख सरकतं, उभं खरवडलं तर अडतं. बाकी गिऱ्हाईक ताटकळले होते तरी पाच मिनिटं समजावलं, आणि शेवटी म्हणाले, "घ्यायचं काय आहे?" काहीच नव्हतं. एक रुमाल घेतला.

तर बघीराचा अंगरखा सेल्फचा, बुट्टीच्या जागी बिबट्याची फुलं. काठ मात्र करवतकाठी, भंडाऱ्याकडच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांना असतो तो दातेरी, सोनेरी-तपकिरी कोशाच्याच रंगात. सिवनीच्या माणसाला भंडारा काही लांब नाही.

११ मे

लाईट गेली. दोनदा. दुसऱ्या वेळी तीन तासांची फुलं गेली, क्रितात, म्हणजे मी ज्यात चित्र काढतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, सेव्ह केलं नव्हतं, चूक माझी. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, माझं मशीन चालत नाही. चिडून कागदावर काढायला बसलो तर कूलरचे तुषार उडून शाई पसरली. आज एवढंच.

१२ मे

फुलं परत काढली, या वेळी शहाणपणानं. एक फूल धड काढायचं, मग त्याचे सात प्रकार, मग कापडाच्या घडीप्रमाणं वाकवायचे. बिबट्याची फुलं म्हणजे तुटक कड्यांसारखी, मधे ठिपका नाही. मधे ठिपका असतो तो जग्वारला. हे मी आधीच्या फाइलमध्ये चुकवलं होतं, त्यामुळं लाईट गेली ते एका अर्थी बरं झालं, पण हे मी बाहेर कबूल करणार नाही.

पद्धत लिहून ठेवतो, पुढच्या वेळी विसरेन. खाली अंगरख्याचा काळा लेयर. वर फुलांचा लेयर, रंग तोच, अगदी किंचित उजळ. त्यावर उजेडाचा मास्क, म्हणजे जिथं ऊन तिरपं लागतं तिथंच फुलं दिसणार, डावा खांदा आणि गुडघ्यावरची घडी, बस. उजवी बाजू पूर्ण सपाट. मन होत होतं सगळीकडं दाखवायचं, एवढी मेहनत केली तर दिसू दे ना लोकांना. नाही दाखवली.

१६ मे

तीन जणांना पाठवलं, तिघांनाही फुलं दिसली नाहीत. ताई म्हणे काळा कुर्ता छान आहे. मी तिचा फोन हातात घेतला तर ब्राइटनेस पार खाली, स्क्रीनला आडवा तडा, त्यावर तेलाचे डाग. माझी सगळी नक्षी काळ्या खड्ड्यात.

उपाय एकच, काळा काळा ठेवायचाच नाही. सिनेमातला बघीरा तरी कुठं काळा आहे, निळसर-करडा आहे तो, रात्रीच्या सीनमध्ये दिसला पाहिजे म्हणून. अंगरखा गडद जांभळट निळ्याकडं नेला, मागचं जंगल उजळ केलं. उन्हाळ्यातला साग, पानं गळालेला, मागं पिवळं गवत. खरं तर हेच बरोबर आहे, मे महिन्यात पेंच हिरवं नसतंच, आणि सिनेमातलं ते केळीच्या पानांचं जंगल मला नेहमीच केरळचं वाटायचं. आता ताईच्या फोनवर पण खांद्यावरची चार फुलं दिसतात.

१८ मे

मामा आला आहे कामठीहून. त्यानं चित्र पाहून विचारलं, "हा तोच काय, ज्याच्यात नाना पाटेकर शेरखान होता?" म्हटलं नाही मामा, ती जपानी मालिका, दूरदर्शनवरची, हा सिनेमा वेगळा. "मले सगळं एकच वाटते बाप्पा," म्हणून गच्चीवर गेला.

थोड्या वेळानं मी पाणी घेऊन वर गेलो तर तो कठड्यावर बसलेला, एक पाय खाली सोडलेला, दुसरा दुमडून कठड्यावरच, त्या गुडघ्यावर हात टाकलेला आणि मनगटापासून पंजा नुसता लोंबता. सगळं वजन कठड्यानं घेतलेलं, अंगात कुठंही जोर नाही, फक्त मान वर करून समोरच्या टाकीवरच्या माकडाकडं पाहून राहिला होता. महाराजबागेतल्या त्या साहेबांची आठ पावलं मी महिनाभर घोकून राहिलो होतो, आणि माझा माणूस उभाच होता! बिबट दिवसातला किती वेळ उभा असतो? फांदीवर पाय सोडून पडलेला असतो.

"मामा, हलू नको."

"काहून? माकड आलं का?"

अठरा फोटो काढले. त्यानं नंतर विचारलं कशासाठी, मी सांगितलं. "म्हणजे मी बिबट?" बराच वेळ खूश होता, मग म्हणे पोट कमी कर.

उभं चित्र टाकून दिलं. होय, सगळं. अंगरखा आणि डोकं वाचवलं, खालचं धड परत.

२२ मे

बसलेला बघीरा झाला. सागाच्या आडव्या फांदीवर, एक पाय खाली, हाताचा पंजा सैल. नखं आत ओढता येतात त्यांची, गरज नसली की पंजा कसा मऊ दिसतो, तसा हात. आपण खालून पाहून राहिलो, मान वर, दाढीखाली ती गुळगुळीत जागा. चेहऱ्यावर मात्र सिनेमातलीच आठी.

टेस्ट म्हणून काही न सांगता शेजारच्या पोट्ट्याला दाखवलं, सात वर्षांचा आहे. म्हणे, "हा कोणाची तरी वाट पाहून राहिला." बघीरा म्हणाला नाही. पण मला ते चाललं. मग मी मोगली हा एकच शब्द बोललो तर लगेच, "मग हा बगीरा." एक क्ल्यू लागला, अर्धे मार्क.

२४ मे

प्रिंटचा घोळ. स्क्रीन कलती करून काही उपयोग नाही, पण कागद कलता करता येतो! मग फुलं शाईनं छापायचीच कशाला, नुसती चकाकणारी करू, आजीच्या चंद्रकळेसारखी. लग्नपत्रिकावाल्याकडं गेलो, ते स्पॉट यूव्ही करतात, पत्रिकेवरचा गणपती जसा नुसता चकाकतो तसं. शंभर नगांच्या खाली करत नाहीत. मला एक पाहिजे.

घरी डिंक आहे. लाडवाचा, बाभळीचा. वॉटरकलरमध्ये तोच असतो, आणि सुकला की चकाकतो.

लेझर प्रिंटवर लावून पाहिलं, पण त्याचा काळा स्वतःच एवढा चमकतो की डिंक दिसेना. साध्या इंकजेटवर लावलं तर ओल्यानं शाई फुटून बघीराच्या खांद्यातून निळा ओघळ. शेवटी एका फोटोवाल्याकडं मॅट कागदावर पिगमेंट शाईची एथ्री प्रिंट मिळाली, फुलांचा लेयर बंद करून. ती ओली केली तरी हलत नाही.

२६ मे

काल रात्री डिंक भिजत घातला, सकाळी पंचाच्या फडक्यातून गाळला, मधाएवढा पातळ. शून्य नंबरच्या ब्रशनं पहिलं फूल काढलं आणि लक्षात आलं की कूलर चालू असेपर्यंत हे वाळणारच नाही, अर्धा तास झाला तरी बोटाला चिकटतं. कूलर बंद. पंखा पण बंद, कारण धूळ. बाहेर ४५, आत त्याच्यापेक्षा बरं नाही. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून डोक्याला मामाचा दुपट्टा बांधला. एकशे बारा फुलं, साडेतीन तास, मधे दोनदा ताक. आई दारात येऊन पाहून गेली, लाडवाचा डिंक कुठं गेला ते तिला समजलं, बोलली नाही.

समोरून पाहिलं तर काही नाही, जांभळट काळा अंगरखा. खिडकीशी नेऊन कलता केला तर डाव्या खांद्यावरून फुलं येतात, बाहीवरून खाली जातात, कागद सरळ केला की संपलं. या वेळी सगळीकडं काढली आहेत, उजव्या बाजूला पण, कारण आता मास्कची गरजच नाही, ते काम खिडकी करते.

दहा मिनिटं गच्चीवर नेऊन वाळवला, चंद्रकळेवेळची तीच चादर खाली टाकून. खाली आणल्यावर दिसलं, गुडघ्यावरच्या एका फुलात बारीक लाल मुंगी चिकटली आहे, अगदी मधोमध. जग्वारचा ठिपका झाला. टाचणीनं काढायला गेलो तर डिंकाचा पापुद्रा उचलायला लागला, म्हणून तशीच ठेवली.